फडकर नाबाद ३७

मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर फेब्रुवारी १९४९ मध्ये झालेल्या भारत–वेस्ट इंडीज कसोटीचा धावफलक आजही सहज पाहायला मिळतो. विजयासाठी भारताला ३६१ धावा हव्या होत्या, ८ बाद ३५५ झाल्या आणि सामना अनिर्णित राहिला. शेवटी नाबाद राहिलेल्यांत फडकर ३७ आणि गुलाम अहमद ९. या आकड्यांवरून एवढेच कळते की भारताला सहा धावा कमी पडल्या. खेळ थांबला त्या क्षणी चालू षटकातील एक चेंडू बाकी होता, घड्याळात सुमारे दीड मिनिट बाकी होते आणि तरीही पंचांनी बेल्स उचलून दिवस संपल्याचे जाहीर केले, ही हकीकत धावफलकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. भारत तोवर १९ कसोटी खेळला होता आणि एकही जिंकला नव्हता. तो विसावा सामना होता.

नाबाद ३७ धावा करून मैदानाबाहेर पडलेले दत्तात्रय गजानन फडकर, अर्थात दत्तू फडकर, त्या दिवशी २३ वर्षांचे होते. जन्म डिसेंबर १९२५ मधला, कोल्हापूरचा. निपाणी आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, तर कोल्हापूर हे संस्थान. पण बाजार, सोयरीक, भाषा आणि आखाडे यांनी हा सारा मुलूख एकमेकांत गुंतलेला होता. या मुलखाचा खरा खेळ कुस्ती. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान फडकरांच्या जन्माआधीच गाजू लागले होते. लाल मातीतल्या निकाली कुस्तीत घड्याळाचे काम नसे. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. पंचाने वेगळे काही ठरवावे असे फारसे उरतच नसे, कारण जे घडले ते हजारो डोळ्यांनी एकाच वेळी पाहिलेले असे. क्रिकेट हा याच्या अगदी उलट स्वभावाचा खेळ आहे. त्यात पाच दिवस खेळूनही निकाल लागेलच असे नाही, आणि पुष्कळ गोष्टी अशा की त्या एका माणसाला दिसल्या तरच घडल्या. कुस्तीच्या गावात जन्मलेल्या या मुलाच्या वाट्याला क्रिकेटच्या नियमांचे दोन सर्वांत अवघड प्रसंग यावेत, हा योगायोगच म्हणायचा.

फडकर किशोरवयातच महाराष्ट्राकडून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले आणि पुढे मुंबईच्या संघात गेले. उजव्या हाताचे भक्कम फलंदाज आणि चेंडू दोन्ही बाजूंना हलवणारे मध्यमगती गोलंदाज, असा दुहेरी ऐवज त्यांच्यापाशी होता. प्रसंगी ते ऑफब्रेकही टाकत. महंमद निसार आणि अमरसिंग यांच्या जोडीनंतर नव्या चेंडूने मारा करणारा गोलंदाज भारताला मिळेना. अमरसिंग तर १९४० मध्येच, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर गेले. ती उणीव भरून काढण्याची आशा ज्या थोड्यांवर होती त्यांत फडकर होते. लंडनमध्ये अल्फ गोव्हर यांच्या प्रसिद्ध प्रशिक्षण शाळेत त्यांनी गोलंदाजीचे धडे घेतले. त्या काळी परदेशी जाऊन शास्त्रशुद्ध शिक्षण घेणारा भारतीय खेळाडू विरळाच.

१९४७ चा ऑस्ट्रेलिया दौरा हा स्वतंत्र भारताचा पहिला क्रिकेट दौरा. विजय मर्चंट, रुसी मोदी आणि मुश्ताक अली हे निवडले गेलेले नामवंत प्रत्यक्षात जाऊ शकले नाहीत. फाळणीनंतर फझल महमूद यांनी पाकिस्तानची वाट धरली. लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली जो संघ निघाला तो असा चारही बाजूंनी उसवलेला होता आणि समोर डॉन ब्रॅडमन यांचा, त्या काळचा जगातला सर्वांत बलाढ्य संघ. पहिली कसोटी भारताने डावाने गमावली. दुसऱ्या कसोटीसाठी सिडनीला फडकर यांना पदार्पणाची संधी मिळाली. नुकतीच बावीस वर्षे पूर्ण झालेल्या या तरुणाने पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर ५१ धावा केल्या. भारताचा डाव १८८ धावांतच आटोपला. परंतु ऑस्ट्रेलियाची अवस्था त्याहून वाईट झाली. हजारे यांनी चार आणि फडकर यांनी अवघ्या १४ धावांत तीन बळी घेऊन ब्रॅडमनच्या संघाला १०७ धावांत गुंडाळले. पदार्पणात अर्धशतक आणि तीन बळी, तेही ऑस्ट्रेलियाविरुद्ध. पावसाने सामना वाहून नेला नसता तर कदाचित हाच पराक्रम त्या कसोटीची ओळख ठरला असता.

ओळख ठरली ती वेगळ्याच घटनेने. १३ डिसेंबर रोजी ऑस्ट्रेलियाचे बिल ब्राउन गोलंदाजाच्या बाजूला उभे होते. विनू मांकड चेंडू टाकण्यासाठी आले तेव्हा ब्राउन क्रीझ सोडून पुढे सरकले होते. मांकड यांनी चेंडू टाकण्याऐवजी यष्टीवरील बेल्स उडवल्या आणि पंचांकडे दाद मागितली. ब्राउन १८ धावांवर धावबाद झाले. हे अचानक घडले नव्हते. महिनाभरापूर्वी याच मैदानावर, ज्या सामन्यात ब्रॅडमन यांनी आपले शंभरावे प्रथम दर्जाचे शतक झळकावले त्याच सामन्यात, मांकड यांनी ब्राउन यांना आधी ताकीद दिली होती आणि ते पुन्हा पुढे गेल्यावर असेच बाद केले होते. कसोटीत त्यांनी ताकीद दिली नाही, कारण ती एकदा देऊन झाली होती.

नियम स्पष्ट होता. चेंडू सुटण्यापूर्वी गोलंदाजाच्या टोकाचा फलंदाज क्रीझबाहेर असेल तर गोलंदाज त्याला धावबाद करू शकतो. ताकीद द्यावी असे नियमात कुठेही लिहिलेले नव्हते. ती निव्वळ रीत होती. पंचाला तेथे विचार करण्याजोगे फारसे नव्हतेच: फलंदाज बाहेर आहे का, यष्टी मोडली का, दाद मागितली का. तिन्हींची उत्तरे होय असतील तर बोट वर जायलाच हवे. ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्रांत गदारोळ उठला, काहींनी मांकड यांच्या खिलाडूवृत्तीवर शंका घेतली आणि बाद होण्याच्या या प्रकाराला त्यांचेच आडनाव कायमचे चिकटले. वास्तविक ब्रॅडमन यांनी पुढे आत्मचरित्रात मांकड यांची बाजू निःसंदिग्धपणे घेतली. प्रतिस्पर्धी कर्णधाराने निर्दोष ठरवलेल्या माणसाच्या नावाने मात्र पुढची पाऊणशे वर्षे एक दूषण दिले जात राहिले. ४४ कसोटींत २,१०९ धावा आणि १६२ बळी मिळवणाऱ्या खेळाडूवर यापेक्षा मोठा अन्याय शोधूनही सापडणार नाही.

हा वाद समजून घ्यायला कसोटी मैदानावर जाण्याची गरज नाही. साहित्य संमेलनामुळे मराठी जगाला परिचित असलेल्या बेळगावजवळच्या कडोलीत काय किंवा गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर काय, पोरांच्या टेनिस चेंडूच्या सामन्यात पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो. गोलंदाजाने चेंडू न टाकता विटांची यष्टी पाडली की एक बाजू धावबादचा ओरडा करते आणि दुसरी रडीचा डाव म्हणून हिणवते. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असतात. एक नियमाविषयी बोलत असते, दुसरी रीतीविषयी. हा गुंता क्रिकेटने स्वतःच निर्माण केला आणि दीर्घकाळ जपला.

अमेरिकेतील मुलांच्या बेसबॉलकडे पाहिले की हा फरक ठळक होतो. बेसबॉलमध्ये एका बेसवर उभा असलेला रनर पुढच्या बेसकडे काही पावले सरकून उभा राहतो आणि पिचर बॅटरकडे चेंडू टाकण्याऐवजी त्या बेसकडे फेकून त्याला बाद करू पाहतो. मांकड यांनी केले ते जवळजवळ हेच. परंतु तेथे कोणी पिचरला लबाड म्हणत नाही. उलट पिचरने रनरला फसवू नये म्हणून त्याच्या हालचालींवर कडक बंधने घातली आहेत. टाकण्याचा आव आणून मध्येच थांबला तर अंपायर बॉक पुकारतो आणि रनरला पुढचा बेस बहाल होतो. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये तर याहून पुढची दक्षता घेतली आहे. खालच्या वयोगटांत टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरने बेस सोडायचाच नाही. त्यामुळे वादाचे मूळच उरत नाही.

बेसबॉलचा आणखी एक नियम मुलांना आणि त्यांच्या पालकांना हमखास गोंधळात टाकतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, दोनपेक्षा कमी खेळाडू बाद झालेले आहेत आणि बॅटरने सोपा उंच झेल उडवला, तर अंपायर झेल हाती येण्याआधीच बॅटरला बाद ठरवून टाकतो. झेल पुढे सुटला तरी बॅटर बादच. प्रथमदर्शनी हा शुद्ध अन्याय वाटतो. कारण असे की हा नियम नसता तर क्षेत्ररक्षकाने झेल मुद्दाम टाकला असता आणि झेल जाणार म्हणून बेसवर थांबलेल्या दोन रनरना एका झटक्यात बाद केले असते. लबाडीची वाट दिसताच बेसबॉलने ती नियमाने बुजवली. क्रिकेटने तशा वाटा उघड्या ठेवल्या आणि सभ्य माणसाने त्यांवरून जाऊ नये अशी अपेक्षा बाळगली. सभ्यपणाची व्याख्या कोण करणार, हा प्रश्न मग प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. आणि १९४७ मध्ये ती व्याख्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या खेळाडूंच्या हाती नव्हती.

हा वाद तरुणांच्या क्रिकेटमध्येही पेटला. १९ वर्षांखालील विश्वचषकात २०१६ साली वेस्ट इंडीजच्या गोलंदाजाने अखेरच्या षटकात झिम्बाब्वेच्या शेवटच्या फलंदाजाला याच प्रकारे बाद केले. झिम्बाब्वेला तीन धावा हव्या होत्या. वेस्ट इंडीज पुढच्या फेरीत गेला आणि पुढे विश्वविजेताही झाला; पण कितीतरी दिवस जगभर चर्चा झाली ती त्या मुलाच्या चारित्र्याची. अखेर ऑक्टोबर २०२२ पासून नियमकर्त्यांनी हा प्रकार अयोग्य खेळाच्या कलमातून काढून धावबादच्या कलमात नेला. मांकड यांच्या मृत्यूला तेव्हा ४४ वर्षे होऊन गेली होती. भारतात १९ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला नाव त्यांचेच आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

फडकर यांच्यापुरते सांगायचे तर सिडनीने त्यांची जागा पक्की केली. जानेवारी १९४८ मधील ॲडिलेड कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचल्यावर भारताचे पाच गडी स्वस्तात गेले. तेथून विजय हजारे आणि दत्तू फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी १८८ धावा जोडल्या. हजारे ११६, फडकर १२३. हजारे जन्माने सांगलीचे, फडकर कोल्हापूरचे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या दोन मराठी तरुणांनी लिंडवॉल आणि मिलर यांच्यापुढे तासन्‌तास पाय रोवून उभे राहावे, हे दृश्य या भागातील जुन्या क्रिकेटप्रेमींनी वृत्तपत्रांतूनच पाहिले. तरी त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. हजारे यांनी दुसऱ्या डावातही १४५ धावा काढल्या, म्हणून ॲडिलेड त्यांच्या नावे ओळखले जाते. फडकर यांचे शतक त्या सावलीत राहिले.

पुढच्याच हिवाळ्यात जॉन गोडार्ड यांचा वेस्ट इंडीज संघ भारतात आला. पहिल्या तीन कसोटी अनिर्णित राहिल्या. मद्रासच्या चौथ्या कसोटीत पाहुण्यांनी ५८२ धावा केल्या. त्यांतले सात गडी फडकर यांनी १५९ धावांत टिपले, जी त्यांची कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. पण सामना भारताने डावाने गमावला. या डावातली एक गोष्ट पुढच्या घटनेच्या संदर्भात लक्षात ठेवली पाहिजे. एव्हर्टन वीक्स सलग पाच कसोटी शतके काढून सहाव्याच्या उंबरठ्यावर होते आणि ९० धावांवर धावबाद दिले गेले. तो निर्णय शंकास्पद होता, असे त्या संघाला वाटले आणि पुढच्या बहुतेक लेखकांनीही तेच लिहिले. पंचांच्या चुकीचा फटका एकाच संघाला बसला, असे या मालिकेबद्दल म्हणता येत नाही.

मुंबईची पाचवी कसोटी जिंकली तरच मालिका बरोबरीत सुटणार होती. यष्टिरक्षक प्रबीर सेन जखमी झाल्याने भारताला आधीच एक हात बांधून खेळावे लागले. ३६१ ही त्या काळी चौथ्या डावात जवळजवळ अशक्य मानली जाणारी मजल. मोदी यांनी ८६ आणि हजारे यांनी १२२ धावा काढून ती आवाक्यात आणली. हजारे गेल्यावर सूत्रे फडकर यांच्याकडे आली. समोरून एकेक जोडीदार जात होता. आठवा गडी बाद झाला तेव्हा, सेन यांची दुखापत पाहता, फडकर आणि गुलाम अहमद हीच व्यवहारात शेवटची जोडी होती. घड्याळ आणि धावा यांची शर्यत लागली. वेस्ट इंडीजचे खेळाडू जाणूनबुजून सावकाश हालचाली करत होते, अशी तक्रार तेव्हाही झाली. तीत तथ्य असेल; पण तेव्हाच्या नियमांत दिवसात किंवा शेवटच्या तासात किमान किती षटके टाकावीत याचे बंधन नव्हते. वेळ काढणे हे गैर असेल, बेकायदा नव्हते. मांकड यांच्या कायदेशीर कृतीला अखिलाडू म्हणणाऱ्या त्या जगात या वेळकाढूपणाला कोणी कोणाचे नाव दिले नाही.

प्रायर जोन्स यांच्या षटकाचे पाच चेंडू झाले होते. सहा धावा हव्या होत्या. पंच बापू जोशी यांनी बेल्स उचलल्या आणि सामना संपला.

या निर्णयाकडे नियमाच्या अंगाने पाहिले तर त्यात दोन निरनिराळ्या चुका दिसतात, आणि सहसा एकीचीच चर्चा होते. पहिली चेंडू मोजण्याची. पंच खिशात खडे किंवा नाणी ठेवून चेंडू मोजतात. एक खडा इकडचा तिकडे झाला तर सहाचे पाच होतात. भर स्टेडियमच्या कोलाहलात, अशा अखेरच्या क्षणी हे कोणाच्याही हातून होऊ शकते. नियमाने ही शक्यता आधीच ओळखली आहे: आजच्या नियमांनुसार पंचाने चेंडू मोजण्यात चूक केली तरी त्याने मोजले तेच षटक ग्राह्य धरले जाते. म्हणजे केवळ पाच चेंडूंचे षटक झाले असते तर तक्रारीला जागा नव्हती.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ती अधिक गंभीर. षटक संपले आणि ठरलेली वेळ अजून उलटलेली नसेल तर पुढचे षटक सुरू झालेच पाहिजे. आणि एकदा सुरू झालेले षटक, वेळ उलटली तरी, पुरे टाकले गेले पाहिजे. दीड मिनिट बाकी होते हे मान्य केले तर पंचांच्या स्वतःच्या मोजणीनुसारही आणखी एक षटक व्हायला हवे होते. भारताचा एक चेंडू गेला असे लोक सांगतात. खरा हिशोब केला तर तो आकडा सातच्या घरात जातो. एका चेंडूत सहा धावा म्हणजे षटकारच हवा होता आणि सीमेवर क्षेत्ररक्षक पसरलेले असताना तो अवघडच. सात चेंडूंत सहा धावा, खेळपट्टीवर स्थिरावलेले फडकर, हे गणित अगदी निराळे. अर्थात त्या सात चेंडूंत एक गडी बाद होऊन पाहुणे जिंकण्याचीही शक्यता होतीच.

येथे बेसबॉलची आठवण पुन्हा होते. त्या खेळात पंचाच्या कामाचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे मानले आहेत. चेंडू योग्य टप्प्यातून गेला की नाही, रनर बेसवर आधी पोचला की चेंडू, हे पंचाच्या नजरेचे निर्णय. त्यांविरुद्ध तक्रार करता येत नसे. परंतु पंचाने नियमच चुकीचा लावला तर प्रशिक्षकाला तेथल्या तेथे, पुढचा चेंडू पडण्याआधी निषेध नोंदवता येत असे. मुलांच्या लिटल लीगमध्येही ही सोय आहे, आणि नजरेच्या निर्णयावर आरडाओरडा करणाऱ्या पालकाला हा भेद समजावून सांगणे हे तेथल्या प्रशिक्षकांचे नेहमीचे काम असते. निषेध मान्य झाला तर सामना त्या क्षणापासून पुढे खेळवला जातो. मोठ्यांच्या बेसबॉलमधले याचे गाजलेले उदाहरण १९८३ सालचे. २४ जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेट यांचा निर्णायक होमरन, बॅटवर पाइन टार नावाचा चिकट पदार्थ मर्यादेपेक्षा वरपर्यंत लावला होता म्हणून, पंचांनी रद्द करून त्यांना बाद दिले होते. संघाचा निषेध लीगच्या अध्यक्षांनी उचलून धरला आणि १८ ऑगस्टला सामना त्याच क्षणापासून पुढे खेळवून पुरा करण्यात आला. कॅन्सस सिटीने तो ५–४ असा जिंकला.

जोशी यांचा निर्णय नजरेचा नव्हता. वेळ उरली होती की नव्हती हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि घड्याळ सर्वांसमोर होते. क्रिकेटमध्ये मात्र निषेधाची तशी सोय तेव्हा नव्हती. पंचांनी बेल्स उचलल्या की खेळ संपला. दुसऱ्या दिवशी सात चेंडूंसाठी संघांना बोलावण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती. फडकर आणि गुलाम अहमद तंबूत परतले. वेस्ट इंडीजने मालिका १–० अशी जिंकली.

यानंतर महिनाभरातच घडलेली गोष्ट कोणा कादंबरीकाराने रचली असती तर अतिरेकी वाटली असती. मार्च १९४९ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. बाद फेरीचे ते सामने तेव्हा निकाल लागेपर्यंत खेळवले जात. घड्याळाचा संबंध फक्त जेवण आणि चहापुरता. क्रिकेटमधली ती निकाली कुस्तीच. सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके झाली. ब्रेबॉर्नवर दीड मिनिटासाठी अडलेले फडकर येथे मुंबईकडून खेळले आणि त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १३१ आणि १६०. समोर त्यांचाच जुना संघ होता. मुंबई ३५४ धावांनी विजयी झाली.

भारताचा पहिला कसोटी विजय आणखी तीन वर्षे लांबला. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध कलकत्त्याला फडकर यांनी ११५ धावा केल्या, ते त्यांचे दुसरे आणि शेवटचे कसोटी शतक. त्याच मालिकेत फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, आपल्या पंचविसाव्या कसोटीत, भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके काढली आणि फडकर यांनी ६१ धावांची भर घातली. त्याच वर्षी लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली होती. त्या पडझडीतही हजारे यांच्या ५६ आणि फडकर यांच्या ६४ धावांनी शंभरावर भागीदारी करून लाज राखली. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा वेगवान गोलंदाज पदार्पणातच भल्याभल्यांना मागे सरकवत असताना कोल्हापूरचा हा गडी यष्टीसमोर उभा राहिला, याची नोंद त्या पराभवाच्या वर्णनात सहसा एका ओळीपुरतीच येते.

वेस्ट इंडीज आणि पाकिस्तानचे दौरे त्यांनी केले, इंग्लंडमधील लीग क्रिकेटमध्ये व्यावसायिक म्हणून ते खेळले, देशांतर्गत क्रिकेटमध्ये पुढे बंगाल आणि रेल्वे यांच्याकडून उतरले. शेवटची कसोटी १९५८ च्या अखेरीस सुरू झालेली कलकत्त्याची, प्रतिस्पर्धी पुन्हा वेस्ट इंडीज. ३१ कसोटींत १,२२९ धावा आणि ६२ बळी. निवृत्तीनंतर राष्ट्रीय निवड समितीवरही त्यांनी काम केले.

क्रिकेटचे नियमही दरम्यान बदलत गेले. शेवटच्या तासात किमान षटकांची संख्या ठरवून देण्यात आली. त्यामुळे सावकाश चालून सामना वाचवण्याची जुनी युक्ती निकामी झाली आणि पंचाच्या मनगटावरील घड्याळाचे ओझे हलके झाले. १९९२ मध्ये तिसरा पंच आला, पुढे खेळाडूंना निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची मुभा मिळाली, चेंडू मोजायला मैदानाबाहेरही माणसे बसली. यातले पुष्कळसे पाहायला फडकर राहिले नाहीत. १७ मार्च १९८५ रोजी मद्रासमध्ये, ज्या शहरात त्यांनी वेस्ट इंडीजचे सात गडी बाद केले होते आणि तीन वर्षांनी भारताचा पहिला विजय पाहिला होता, तेथेच वयाच्या साठीआधी त्यांचे निधन झाले.